गळ टाकणारा मासा

नगरहून करमाळ्यामार्गे सोलापूरकडे जाऊ लागले की वाटेत कर्जत तालुक्यातले मिरजगाव लागते. मुलूख अवर्षणाचा. येथून समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तो या बाजूला येतो तो बाजारातल्या सुकट-बोंबलांच्या रूपाने. सीनेवर निमगाव गांगर्ड्याला धरण झाले आहे आणि तालुक्याच्या दक्षिणेस १९८० पासून उजनीचे पाणी पसरले आहे, तेव्हा ताजा मासा आता अगदीच परका राहिलेला नाही. परंतु गळ हा शब्द येथे धरणांची वाट पाहत थांबला नव्हता. तो फार पूर्वीपासून लोकांच्या तोंडी आहे, आणि तो केवळ माशांमुळे नव्हे.

देशावर गळ म्हटले की जुन्या माणसांना आठवे ते बगाड. नवस बोललेला माणूस पाठीच्या मांसात लोखंडी गळ टोचून घेई आणि उंच आडव्या लाकडाला लटकून देवापुढे फिरे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने ही प्रथा बंद पाडण्याचे प्रयत्न केले; पुढे गळाची जागा दोराने आणि कापडाने घेतली. बगाडाच्या यात्रा आजही भरतात. बगाड्या हा मान मिळावा म्हणून माणसे आजही नवस करतात. पण पाठीतला गळ गेला, शब्द तेवढा उरला. पाऊस पडावा, पोर जगावे म्हणून ज्याने तो टोचून घेतला असेल, त्याच्या दृष्टीने गळ ही मासेमारीची गंमत खास नव्हती.

आता 'गळ घालणे' हा आपला नित्याचा वाक्प्रचार पाहा. ‘चार दिवस राहाच’ अशी वन्सं गळ घालतात, तेव्हा गळाला लावलेले खाद्य म्हणजे निव्वळ मिनतवारी! 'गळाला लागणे' मात्र निराळे. तेथे फसवणूक आली. आणि 'गळी उतरवणे' हे तर गळ्याचे भावंड, गळाचे नव्हे, जरी कानाला तिन्ही एकाच घरची वाटली तरी. गळाला जे लावतात ते आमिष. या शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणून सामिष भोजन आणि निरामिष भोजन. मांसाचा तुकडा गळाला लावता लावता आमिषाचा अर्थ लालूच असा झाला, आणि आज पैशाचे आमिष दाखवणारा मनुष्य कट्टर शाकाहारी असला तरी कोणास खटकत नाही.

हे सारे सांगण्याचे निमित्त म्हणजे इंग्रजीतील 'अँगलरफिश' हा शब्द. अँगल म्हणजे कोन, हे आपण शाळेत शिकतो. पण या माशाच्या नावातला अँगल म्हणजे जुन्या इंग्रजीतला गळ. त्याचे मूळ 'वाकणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे, आणि त्याच धातूपासून संस्कृतातला अंकुश आलेला आहे. म्हणजे हत्तीच्या डोक्यावरचा अंकुश आणि इंग्रजांचा गळ ही दूरची का होईना, चुलत भावंडेच ठरतात!

या माशाला आधी बेडूक म्हणत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने त्याला 'मासेमार बेडूक' म्हटले: वाळूत दडून बसणारा, डोळ्यांपुढचे तंतू हलवून लहान मासे जवळ ओढणारा. इंग्रजीतही त्याचे नाव बराच काळ मासेमार बेडूक असेच होते. अठराव्या शतकात टॉमस पेनंटने बेडूक काढून 'अँगलर' हे नाव पुढे आणले. त्याच शतकात, १७५८ साली, लिनियसने त्याच्या शास्त्रीय नावात मासेमारी कायम ठेवली होती.

आपल्या बाजूचे दुवेही आहेत. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर आल्फ्रेड अल्कॉक हे डॉक्टर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम करीत. हिंदी महासागराच्या तळातून त्यांच्या जाळ्यात आलेल्या या जातभाईंपैकी एकाचे वर्णन त्यांनी १८९४ साली केले आणि त्याला लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ तुटका, छिन्न झालेला. बिचारा!

खोल, काळोख्या पाण्यातले याचे भाऊबंद आणखी पुढे गेलेले. त्यांच्या गळाच्या टोकाला दिवा असतो. तो पेटतो त्यात राहणाऱ्या प्रकाशमान जंतूंमुळे. दिवाळीच्या अंकात हा मासा शोभतो तो एवढ्यापुरताच, कारण हा दिवा पाहुण्याच्या स्वागतासाठी नसून त्याला गिळण्यासाठी आहे. आणि हा गळ फक्त मादीजवळ. १९२२ साली आइसलंडच्या ब्यार्नी सेमुंडसन यांना एका मादीला चिकटलेले इवलेसे मासे दिसले. ती तिची पिले असावीत असे त्यांनी मानले. १९२५ साली लंडनच्या चार्ल्स टेट रीगन यांनी दाखवून दिले की असे चिकटलेले मासे पिले नसून नर होत. काही जातींत नर मादीला चावा घेऊन चिकटतो, दोघांची कातडी एक होते, रक्तवाहिन्या जुळतात, आणि पुढे तो तिच्याच रक्तावर जगतो. आपल्याकडच्या घरजावयाची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मराठीत याला काय म्हणावे? आमच्या मते 'गळमासा' पुरे. शब्द लहान आहे, अर्थ चटकन कळतो, आणि कोकणातल्या नाखव्याला जितका कळेल तितकाच मिरजगावच्या बाजारात सुकट घेणाऱ्या आजीबाईंनाही कळेल. त्यांना कदाचित आधी बगाडच आठवेल, एवढेच.