चपळ पायांचा सौदा



खडकाळ म्हणून विकून टाकलेल्या रानात घेणाऱ्याने विहीर खणावी आणि दोन परसांवर तिला पाणी लागावे, असे आपल्या खेड्यापाड्यांत कधी कधी घडते. मग सारा गाव विकणाऱ्याला हसतो. पण तो खरोखरच मूर्ख होता, की त्या वेळी कोणाही शहाण्याने तेच केले असते, हा विचार सहसा कोणी करीत नाही. आज असाच एक सौदा सांगणार आहे. तो रानाचा नव्हे, अमेरिकेतल्या बेसबॉल खेळातला आहे. १५ जून १९६४ रोजी शिकागोच्या कब्ज संघाने लू ब्रॉक नावाचा आपला चपळ खेळाडू सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाला दिला आणि त्याच्या बदली अर्नी ब्रोलिओ हा नाणावलेला पिचर घेतला. दोन्हीकडून आणखी दोन-दोन खेळाडू गेले, पण सौद्याचे मर्म ह्या दोघांत होते.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो मारून धावतो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. तीन बेस ओलांडून गडी घरच्या बेसवर परतला की एक धाव झाली. आता बेसवर उभा असलेला चपळ गडी काय करतो, तर पिचर चेंडू फेकायला लागला की पुढच्या बेसकडे पळत सुटतो. चेंडू तिथे येण्याआधी पोहोचला तर बेस फुकटात पदरात पडला. मध्ये सापडला तर बाद. ह्याला म्हणतात बेस चोरणे. ही चोरी नियमाला धरून आहे, बरं का!

ब्रॉकचा जन्म १९३९ सालचा. अर्कान्सास राज्यात जन्मलेला आणि लुइझियानात वाढलेला हा काळा मुलगा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबातला होता. शिक्षकमंडळींनी ऐकावी अशी एक हकीकत तो पुढे सांगत असे. शाळेत त्याने काही खोडी काढली. शिक्षा म्हणून बाईंनी त्याला बेसबॉलच्या मोठ्या खेळाडूंची माहिती वाचून वर्गापुढे सांगायला लावली. त्या खेळाडूंत जॅकी रॉबिन्सन होता, स्टॅन म्यूझियल होता. ह्या खेळाडूंना नुसत्या जेवणाखाण्यासाठी दिवसाला आठ डॉलर मिळतात, हे वाचून पोराचे डोळे विस्फारले. शिक्षा संपली, पण वेड लागले ते लागलेच. पुढे तो सदर्न विद्यापीठात शिकायला गेला, तिथल्या बेसबॉल संघात शिरला, आणि कब्ज संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या बक ओ'नील ह्यांच्या नजरेत भरला.

पण शिकागोत त्याचे बस्तान नीट बसले नाही. त्या संघाने १९६१ पासून एक अजब प्रयोग चालवला होता: एकच कर्ता प्रशिक्षक न नेमता अनेकांनी पाळीपाळीने संघ सांभाळायचा. नव्या पोराने कोणाचे ऐकावे? त्यातून त्याला मैदानाच्या उजव्या कडेला उभे करीत. शिकागोचे घरचे सामने त्या काळी दिवसाच होत आणि त्या बाजूला ऊन थेट डोळ्यांवर येई. झेल सुटत, लोक ओरडत. फलंदाजीचे आकडेही उतरत होते. शंभर पाळ्यांमागे यशस्वी फटके १९६२ साली २६ च्या वर, १९६३ साली २६ च्या आत, आणि १९६४ च्या जूनपर्यंत २५. चोरलेले बेस सगळे मिळून अवघे ५०.

आता ब्रोलिओचे पारडे पहा. १९६० साली त्याने २१ सामने जिंकले होते, आणि सौद्याच्या आदल्याच वर्षी १८. शिकागोला चांगल्या पिचरची निकड होती. जमाखर्च कागदावर मांडला तर शिकागोचाच फायदा दिसत होता. तिथल्या वृत्तपत्रांनी ह्या सौद्याचे कौतुकच केले. उलट सेंट लुईसच्या संघातले बॉब गिब्सनसारखे खेळाडू मनातून नाराज होते. त्यांना वाटले, आपण फसलो.

पण कार्डिनल्सचीही नड होती. मुलगा ज्याच्याविषयी वर्गात बोलला होता, तो म्यूझियल १९६३ च्या अखेरीस निवृत्त झाला होता आणि मैदानाची डावी बाजू ओस पडली होती. ब्रॉकला तिथे उभे केले. व्यवस्थापक जॉनी कीन ह्यांनी त्याला मोकळीक दिली: तुला वाटेल तेव्हा धाव. पंचविशी पुरी व्हायला तीन दिवस उरलेला तो तरुण सुटलाच. उरलेल्या हंगामात त्याने शंभर पाळ्यांमागे जवळजवळ ३५ यशस्वी फटके मारले आणि ३३ बेस चोरले. सौद्याच्या दिवशी निम्म्याहून अधिक सामने हरलेला कार्डिनल्स संघ हंगामाच्या शेवटी ९३ विजयांनी पहिला आला. मागच्या दोन संघांचे विजय होते ९२. म्हणजे अंतर केवळ एका सामन्याचे! त्यानंतर त्यांनी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला हरवून जागतिक मालिकाही जिंकली. नशीब कसे पहा: हा सौदा घडवून आणणारे बिंग डिव्हाईन ह्यांना ऑगस्टमध्येच मालकाने कामावरून काढले होते.

आणि ब्रोलिओ? त्याचे कोपर आधीपासून दुखत होते, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. १९६४ च्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली, पण हात पहिल्यासारखा चालला नाही. शिकागोसाठी तीन हंगामांत त्याने सात सामने जिंकले आणि एकोणीस गमावले. १९६६ नंतर तिशीतच तो मोठ्या स्पर्धांतून बाहेर पडला. पण त्याचे नाव मात्र सुटले नाही. एखादा सौदा फसला की अमेरिकेत लोक 'ब्रॉक आणि ब्रोलिओ' म्हणू लागले. ज्याने काही गुन्हा केला नव्हता, ज्याला सौद्याच्या वेळी कोणी विचारलेही नव्हते, त्याने हे हसू आयुष्यभर सोसले, आणि तेही खिलाडूपणाने. पुढे ब्रॉकशी त्याची मैत्रीही जमली.

मग हा सौदा केला, त्यात फायदा झाला का? सेंट लुईसला झाला, ह्यात वाद नाही. पण नुसत्या वेगामुळे झाला असे मात्र समजू नका. ब्रॉकने आयुष्यात ९३८ बेस चोरले, आणि ३०७ वेळा तो सापडला. म्हणजे चारांत तीनदा यश. बाद होण्याने होणारे नुकसान एका बेसच्या लाभापेक्षा बरेच मोठे असते. जाणकार हिशेब करतात की दहांत सातदा तरी यश यावे, तेव्हा कुठे तोंडमिळवणी होते. त्या मानाने ब्रॉकच्या चोऱ्यांतली निव्वळ शिल्लक बेताचीच. क्षेत्ररक्षणात तो शेवटपर्यंत कच्चाच राहिला. खरी कमाई होती त्याच्या बॅटची, सोळा हंगाम टिकण्याची, आणि मोठ्या सामन्यांत उभे राहण्याची. १९६७ व १९६८ च्या जागतिक मालिकांत त्याने दर वेळी सात बेस चोरले. १९७४ साली, पस्तिसाव्या वर्षी, एका हंगामात ११८.

शिकागोला मी मूर्ख म्हणणार नाही. पिचर हवा होता, त्यांनी पिचर घेतला. हात इतका लवकर जाईल हे आकड्यांत लिहिलेले नव्हते. दोष असलाच तर तो सौद्याच्या दिवसाचा नाही, आधीच्या अडीच वर्षांचा आहे. पोराला डोळ्यांवर ऊन घेऊन उभे करायचे, रोज नव्या माणसाचे ऐकायला लावायचे, आणि मग म्हणायचे की ह्याच्यात काही नाही! सेंट लुईसने त्याला नवे पाय दिले नाहीत. पाय तेच होते, जागा बदलली आणि धावायची मुभा मिळाली. विहीर खणून न पाहताच शिकागोने रान विकले. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाचा निकाल लावताना आपण शिक्षकही कधी कधी हेच करतो. त्याला कुठे बसवले आहे, हे आधी पाहत नाही.

१३ ऑगस्ट १९७९ रोजी ब्रॉकने आपला तीन हजारावा फटका मारला. तो चेंडू पिचरच्या हाताला लागून उडाला. तो पिचर होता शिकागोच्या कब्ज संघाचा.