दारूबंदीच्या मुंबईतून डोंबिवलीच्या खोलीपर्यंत

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही. आज एका खोलीचा इतिहास सांगणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या एका माणसाबरोबर मी डोंबिवलीत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला गेलो. नातं मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं कळेल. दाराशी येऊन तो थांबला. म्हणाला, "आत कुणी ओळखीचं निघालं तर?" मला वाटलं, हा इथूनच मागे फिरणार.

आता त्याला तिथंच उभा ठेवून आपण १९३५ सालात जाऊ. अमेरिकेतलं अॅक्रन शहर. न्यूयॉर्कहून आलेल्या बिल विल्सनचा धंद्याचा डाव फसलेला. काही महिन्यांपासून त्यानं दारू सोडलेली, आणि समोर हॉटेलचा बार. त्या क्षणी त्याला उमगलं, की आपल्याला उपदेशक नको, डॉक्टरही नको. बोलायला दुसरा दारुडा हवा. त्यानं फोन फिरवले. दुसऱ्या दिवशी बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी त्याची गाठ पडली. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटं देतो. बोलणं तासन् तास चाललं. पुढं डॉक्टर एकदा घसरले, पुन्हा उठले. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५चा मानतात, आणि तोच संघटनेचा स्थापनादिवस.

यातली गंमत लक्षात घ्या. बिल बॉबला वाचवायला गेला नव्हता. तो स्वतःला वाचवायला गेला होता.

आता मुंबईत या. इथं एएची सुरुवात ५ मे १९५७ची धरतात. तेव्हाची मुंबई कशी होती? कोरडी! १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं सगळ्या राज्यात बंदी. प्यायला परमिट लागायचं, नाहीतर खटला. अर्थात कागदावर कोरडी. प्रत्यक्षात वस्त्यांमधून आंटीचे अड्डे आणि आमच्या ठाण्याच्या खाडीकाठी हातभट्ट्या जोरात. म्हणजे पिणाऱ्याच्या वाट्याला दुहेरी चोरी: घरच्यांपासून लपायचं आणि पोलिसांपासूनही. अशा शहरात चार माणसांनी एकत्र बसून "मी पितो, मला थांबता येत नाही" असं म्हणायचं, हे केवढं धाडस! नाव न सांगण्याची सोय तिथं चैन नव्हती, गरज होती.

पुढं १९६०च्या दशकात बंदी सैल झाली. पिणाऱ्याच्या डोक्यावरची खटल्याची भीती कमी झाली, पण लाज काही गेली नाही.

मराठी घरांमध्ये ही लाज उघडपणे बोलायला लावली ती पुण्याच्या मुक्तांगणनं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची मदत मागे होती. व्यसनातून बाहेर पडलेलाच तिथं पुढं समुपदेशक होऊ लागला. बायकांसाठी 'सहचरी' गट आला. मुक्तांगणच्या कामात असलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. त्यामुळे आज कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला पहिला प्रश्न विचारायला पुण्याला जावं लागत नाही.

मीटिंग शोधायची कशी, हे बरेच जण विचारतात. एएच्या हेल्पलाइनला फोन करा, आपल्या भागातली जागा आणि वेळ कळते. 'खुली' मीटिंग असेल तर घरच्यांनाही बसता येतं. 'बंद' असेल तर फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. फी नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. घरच्यांसाठी अल्-अॅनॉन वेगळं आहे, १९५१पासून. आणि एक सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग जोडीला मीटिंग.

आता दाराशी उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे परत या.

आत ओळखीचं निघालंच! रोज सकाळी ज्यांना जिन्यात नमस्कार करतो, ते गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसलेले. दोघांची नजरानजर झाली. त्यांनी काही विचारलं नाही, शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. बस्स. हा जाऊन बसला.

आत काय बोलणं झालं ते सांगणार नाही. तिथलं तिथंच ठेवायचं असतं. एएच्या परंपरेप्रमाणे वर्तमानपत्रात, रेडिओवर, सिनेमात सभासदानं आपलं नाव उघड करायचं नसतं. ती लिहिली तेव्हा पॉडकास्ट नव्हते, पण मी ते त्यातच धरतो. म्हणून नातं सांगितलं नाही.

तो सुटला का? मधे दोनदा घसरला. काल रात्री उशिरा त्याचा फोन वाजला. पलीकडे कुणीतरी नवखा होता, प्यायच्या बेतात असलेला. हा गॅलरीत जाऊन पाऊण तास त्याच्याशी बोलत राहिला. आत आला तेव्हा चेहरा वेगळाच होता. म्हणाला, "आजचा दिवस गेला बघ माझा."

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.