ही संख्या आहे का?

बिबवेवाडीतील एखाद्या शाळेचा निकाल संगणकावर तयार होतो आहे, असे समजू. एक मुलगी परीक्षेला गैरहजर होती, म्हणून तिच्या गुणांचा रकाना रिकामा आहे. यंत्राने तेथे शून्य धरले, तर 'परीक्षा दिली नाही' आणि 'एकही गुण मिळाला नाही' यांतील फरकच पुसला जाईल. म्हणून गणित करण्यापूर्वी विचारावे लागते: ही खरोखर संख्या आहे का, आणि ती सांत, म्हणजे अनंत नसलेली, आहे का?

हा प्रश्न शून्याइतकाच जुना आहे. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, असे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिले. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त ३ भागिले ० हे उदाहरण घेतले. ज्याचा छेद शून्य आहे, अशा राशीला त्यांनी 'खहर' म्हटले आणि ती अनंत मानली. तिच्यात काही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे.

संगणकातील अपूर्णांकांसाठी १९८५ मध्ये मानक ठरले. त्यानुसार ३ भागिले ० चे उत्तर अनंत येते, तर ० भागिले ० चे 'संख्या नाही'. एका मुद्द्यावर मात्र यंत्राची आणि भास्कराचार्यांची वाट वेगळी होते. शून्याने भागून पुन्हा शून्याने गुणल्यास मूळ संख्या परत मिळते, असे 'लीलावती' सांगते. यंत्र म्हणते, 'संख्या नाही'. ते योग्यच आहे. ३ आणि ५ दोन्हींपासून तेच अनंत मिळत असेल, तर परत येताना ३ घ्यायचे की ५?

वेबपानांसाठीची जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये आली. तिच्यातील 'इझफायनाइट' ही तपासणी आधी मजकुराचे संख्येत रूपांतर करते. रिकाम्या मजकुराचे शून्य होते आणि तो तपासणीत उत्तीर्ण होतो! २०१५ मध्ये रूपांतर न करणारी 'नंबर.इझफायनाइट' ही तपासणी आली. ती रिकामा रकाना नाकारते. पण मजकूर म्हणून आलेले '४५' गुणही नाकारते. तेव्हा क्रम असा हवा: आधी रकाना रिकामा आहे का ते पाहावे, मग रूपांतर करावे आणि शेवटी सांतता तपासावी.

वर्गात मुलांना एवढेच विचारून पाहू: कोणत्या संख्येला शून्याने गुणले असता शून्य येते? उत्तरे येतच राहतील. ० भागिले ० ला एकच उत्तर का देता येत नाही, हे मग मुलेच सांगतील.