फुकट करंट अकाउंटची गोष्ट

"फुकट" या शब्दाचा आपल्याला, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना, खरं तर लगेच संशय यायला हवा. फुकटचं ईमेल, फुकटचे नकाशे, त्यामागे कोण कोणाला काय विकतंय हे आपण जेवणाच्या सुट्टीत रोज चघळत असतो. पण बँकेतलं खातं फुकट कसं काय, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पगाराचं खातं, झीरो बॅलन्स, विषय संपला!

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला विचारून बघा. त्याचं करंट अकाउंट, म्हणजे चालू खातं. त्यात सरासरी अमुक शिल्लक ठेवली नाही तर दंड, महिन्यात ठराविक रकमेपेक्षा जास्त रोकड भरली तर हजारामागे काहीतरी, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. खातं उघडताना मात्र त्याला सांगितलेलं असतं की सगळं फ्री आहे.

हे असं का झालं ते बघायला थोडं मागे जाऊ. फार नाही, पेशवाईपर्यंत. :-)

त्या काळी पैसे हलवण्याचा खर्च उघड उघड सांगितला जायचा. पुण्याहून दूरच्या गावी पैसे पाठवायचे तर सावकाराकडून हुंडी घ्यायची आणि त्याची हुंडणावळ मोजायची. अंतर किती, रस्ता कसा, त्या गावी पैशाची टंचाई आहे का, यावर दर ठरायचा. शिवाय नाणी शंभर प्रकारची. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे रुपये बाजारात एकत्र फिरायचे आणि एकाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा कापायचा. आपण नावाला बट्टा लागला म्हणतो, तो हाच. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया करायचा कायदा केला आणि हळूहळू बट्ट्याचा धंदा बसला. मुद्दा एवढाच, की त्या व्यवस्थेत कोणी कोणाला "फुकट" म्हणत नव्हतं. सावकार लुबाडायचा असेल, पण दर तोंडावर सांगून.

बँका आल्या आणि हा दर दिसेनासा झाला. तो गेला कुठे? शिलकीत.

चालू खात्यावर आपल्याकडे व्यापारी बँकांना व्याज देता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. म्हणजे दुकानदाराने खात्यात ठेवलेला पैसा बँकेला बिनव्याजी मिळतो. आता हिशोब करू. १९९१-९२ च्या सुमारास समजा एखाद्या दुकानदाराची सरासरी शिल्लक ४०,००० रुपये आहे. तेव्हा बँकांचे हात बांधलेले होते. १५ टक्के रिझर्व्ह बँकेकडे (सीआरआर) आणि ३८.५ टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत (एसएलआर). उरले ४६.५ टक्के, म्हणजे १८,६०० रुपये. ते १८ टक्क्यांनी कर्जाऊ दिले तर वर्षाला ३,३४८. रोख्यांमधल्या १५,४०० वर ११ टक्के धरले तर आणखी १,६९४. एकूण पाच हजारांच्या घरात. त्या काळातले पाच हजार हं! त्यात चेकबुक दिलं, खिडकीवर नोटा मोजून घेतल्या, तरी बँक फायद्यात.

आणि हे कमीच पडलं तर परगावचा चेक होताच. मुंबईच्या व्यापाऱ्याने सांगलीच्या व्यापाऱ्याला चेक दिला की तो पोस्टाने जायचा, यायचा, वटायला आठवडे लागायचे. तेवढे दिवस तो पैसा ना याचा ना त्याचा. वर पुन्हा वसुलीचं कमिशन वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमची लेटन्सी हेच बँकेचं उत्पन्न होतं. बँकिंगमध्ये याला फ्लोट म्हणतात.

सेवाशुल्कांबद्दल त्या वेळी बँकांमध्ये स्पर्धा जवळजवळ नव्हतीच. इंडियन बँक्स असोसिएशन (स्थापना १९४६) दरपत्रक ठरवायची आणि सदस्य बँका ते पाळायच्या. सप्टेंबर १९९९ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि कुठल्या सेवेला किती आकारायचं हे प्रत्येक बँकेने आपापलं ठरवायचं असं झालं. माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष हे. १९९१ बद्दल एवढं बोललं जातं, १९९९ बद्दल कोणी बोलत नाही.

तोवर नव्या खासगी बँका आलेल्या होत्या. एचडीएफसी बँकेने जानेवारी १९९५ मध्ये काम सुरू केलं, तेही पहिल्यापासून संगणकावर. या बँकांनी चालू खात्यांचं मोल बरोबर ओळखलं. शेअर बाजारांची क्लिअरिंग बँक व्हायचं, म्हणजे दलालांची खाती आपोआप आपल्याकडे येतात. ॲट-पार चेक द्यायचा, म्हणजे परगावचा चेकही स्थानिक चेकसारखा वटतो, कमिशन नाही. हे सगळं "फ्री" होतं, अट एकच. सरासरी तिमाही शिल्लक ठेवा. थोडक्यात हुंडणावळ गेली नव्हती, ती शिलकीच्या अटीत जाऊन बसली होती. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला फुकट, ज्याच्याकडे नाही त्याला दंड. छोट्या धंद्याचं गणित इथेच बिघडतं. भाजीवाल्याचा पैसा सकाळी मार्केट यार्डात जातो आणि संध्याकाळी परत येतो, खात्यात बसून राहणं त्याला परवडतच नाही.

मग आपल्या जमातीने, म्हणजे इंजिनियर लोकांनी, फ्लोटच मारून टाकला. मार्च २००४ मध्ये आरटीजीएस, नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी, नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं, वर्षभराने आरटीजीएसही. आठवड्यांचं काम सेकंदांवर आलं. दुसरीकडे व्याजदरही उतरले. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर होता. आता तोच हिशोब पुन्हा करा. दुकानदाराची सरासरी शिल्लक समजा १०,००० रुपये आणि त्यावर बँकेला सुटतात ४ टक्के. वर्षाचे ४०० रुपये. त्यात त्याची चिल्लर कोण मोजून देणार?

म्हणून मला बँकांचा फार राग येत नाही. शुल्क लावलं याचा तर नाहीच. राग येतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा, आणि ती बँकांची नाही, नियमांची आहे.

रिझर्व्ह बँकेने ग्राहकासाठी काहीच केलं नाही असं नव्हे. नोव्हेंबर २००५ मध्ये नो-फ्रिल्स खाती आणायला सांगितलं, २००६ मध्ये शुल्कं वाजवी आहेत का हे बघायला कार्यगट नेमला, २०१२ मध्ये किमान शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं आणलं. एप्रिल २०१५ पासून तर असा नियम आला की किमान शिलकीचा दंड तुटीच्या प्रमाणात हवा, आधी कळवायला हवं, आणि दंडामुळे खातं उणे होता कामा नये. उत्तम नियम आहे. पण वाचताना एक शब्द सुटू देऊ नका, बचत. हे सगळं बचत खात्यांसाठी आणि व्यक्तींसाठी. चालू खातं म्हणजे "व्यापारी", आणि व्यापारी काय, आपलं बघून घेईल! एक मशीन घेऊन बसलेला झेरॉक्सवाला आणि शे-दोनशे लोकांची कंपनी, दोघेही नियमाच्या दृष्टीने सारखेच.

बचत खात्यांवर निदान ओरड तरी होते. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये किमान शिलकीचा दंड परत सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंत त्यातून १,७७१ कोटी रुपये जमवले. त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. हे आकडे छापून आल्यावर गदारोळ झाला, दंड कमी झाला, आणि मार्च २०२० मध्ये रद्दच झाला. चालू खात्यांसाठी असा गदारोळ ऐकल्याचं आठवतंय का कोणाला?

साहजिकच छोटा दुकानदार पळवाट काढतो. धंद्याचे पैसे बचत खात्यात घेतो. नियमाने बचत खातं धंद्यासाठी नसतं, त्यामुळे व्यवहार वाढले की बँक म्हणते, करंट उघडा. मग पुन्हा तेच.

यूपीआयने यातून सुटका केली असं वाटलं होतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून एमडीआर घ्यायचा नाही असं सरकारने ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. या प्रत्येक व्यवहारामागे सर्व्हर आहे, फसवणूक पकडणारी यंत्रणा आहे, रात्री तीनला फोन आल्यावर उठणारा कोणीतरी आहे (त्याला माझा नमस्कार). सरकार भरपाई देतं, पण २०२४-२५ साठीची योजना होती १,५०० कोटींची, आणि तीही छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के. कंपन्यांनी मग पैसे आल्याचं बोलून दाखवणारा डबा दुकानात ठेवला आणि त्याचं महिन्याचं भाडं लावलं. व्यवहार फुकट, पण आवाजाचे पैसे.

आणि १ ऑगस्ट २०२५ पासून आयसीआयसीआय बँकेने यूपीआयच्या पेमेंट ॲग्रीगेटर कंपन्यांना शुल्क लावलं. एस्क्रो खातं याच बँकेत असेल तर ०.०२ टक्के, जास्तीत जास्त ६ रुपये. नसेल तर ०.०४ टक्के, जास्तीत जास्त १० रुपये. आणि दुकानदाराचं खातंच आयसीआयसीआयमध्ये असेल व पैसे तिथेच जमा होत असतील, तर शुल्क नाही. म्हणजे पैसा आमच्याकडे ठेवा, मग फ्री.