गांजाचें पीक आणि उन्हाळा

वैशाखांत भिवंडीच्या एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यांत जो घटकाभर उभा राहिला असेल, त्यास बंद जागेंतील उष्णता म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. वर तापलेला पत्रा, भोंवतीं यंत्रांची ऊब, आणि समुद्र जवळ असल्यामुळें हवेंत इतका ओलावा कीं, अंगावरचा घाम अंगावरच राहतो. अशाच बंद जागेंत पाश्चात्त्य देशांत सांप्रत एक वनस्पति वाढविली जाते, आणि तिला उष्णतेची बाधा होऊं नये म्हणून केवढा तरी खटाटोप चालतो. ती वनस्पति म्हणजे गांजा. या खटाटोपाचें मूळ हवामानापेक्षां इतिहासांत अधिक आहे, असें आमचें मत आहे.

इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड होत असे व अहमदनगर जिल्हा तिच्यासाठीं प्रसिद्ध होता. मध्यप्रांतांत खांडवा आणि बंगाल्यांत नौगांव हीं तिचीं दुसरीं ठिकाणें. १८९३ सालीं केन नांवाच्या सभासदानें पार्लमेंटांत प्रश्न उपस्थित केल्यावरून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमण्यांत आलें. त्यानें ११९३ साक्षीदारांचें म्हणणें ऐकून १८९४ सालीं आपला अहवाल सादर केला. सरसकट बंदी करूं नये, कर व परवाने यांनीं नियंत्रण ठेवावें, असा त्याचा निर्णय होता.

त्या काळीं दख्खनचा शेतकरी पावसाळ्याच्या आरंभीं बीं पेरी, नर झाडें वेळींच उपटून टाकी, आणि थंडींत पीक काढी. त्यानें उन्हाळ्याशीं सामना केलाच नाहीं, तो टाळला. यांत नुसती परंपरा नव्हती. दिवस आंखडूं लागले म्हणजे या झाडास फुलोरा येतो, ही गोष्ट फ्रान्समध्यें तूर्न्वा या शास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रयोगानें दाखविली. म्हणजे जो ऋतु झाडाला फुलवितो, तोच आपल्याकडे त्याला गारवाही देतो. ज्या पिकाला उन्हाळा चुकवितां येत नाहीं, त्यासाठीं आमच्या लोकांनीं वेगळी तजवीज केली होती. पानमळ्यांत वेलींकरितां शेवरी, हादगा, पांगारा यांची दाट सांवली, वाऱ्याला अडविण्यासाठीं उंच कुंपण, आणि पाण्याची वरचेवर पाळी, एवढ्यावर वेली वैशाख काढीत.

मग गांजा घरांत कसा शिरला? याचें उत्तर कायद्यांत आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें निर्बंध कडक झाले. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें सरकारी परवानगीवांचून गांजा पिकविणें हा गुन्हा ठरला. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें १९८३ पासून हेलिकॉप्टरांतून शेतें हुडकण्याची मोहीम सुरू झाली. उघड्यावरचें पीक दिसूं लागतांच अनेक लागवड करणारे छपराखालीं गेले आणि सूर्याच्या जागीं विजेचे दिवे आले. पुढें तेथील कित्येक संस्थानांत कायदा सैल झाला, तरी ही रीत राहिलीच.

येथूनच उष्णतेचा प्रश्न जन्मास येतो. बंद खोलींत जळणाऱ्या दिव्याची जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्याच रूपानें तेथें उरते. मिसिसिपी विद्यापीठांतील संशोधकांनीं २००८ सालीं तपासलेल्या एका जातीचें प्रकाशसंश्लेषण सुमारें ३० अंशांवर सर्वांत उत्तम चाललें. त्यापुढें तें घटत गेलें. झाड पानांवाटे पाणी सोडून स्वतःला थंड करतें. हवा फार तापून कोरडी झाली तर पानांचीं सूक्ष्म छिद्रें मिटतात. हवा फार दमट असली तर हा मार्ग मंदावतो, व दाट फुलोऱ्यांत बुरशी धरते. म्हणून उन्हाळ्यांत हे लोक दिवे दिवसा मालवून रात्रीं लावतात, शेंड्यापासून उंच चढवितात, तापलेली हवा पंख्यानें बाहेर काढतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर शीतयंत्र बसवितात. ओल्या पडद्याची युक्ति कोरड्या मुलखांतच चालते. नागपुरास वाळ्याचा पडदा खोली निववील. भिवंडीस तोच पडदा ओलावा तेवढा वाढवील. या सर्वाचा खर्च किती? अमेरिकेंतील एकूण विजेचा सुमारें शंभरावा भाग असल्या लागवडींत जातो, असा अंदाज इव्हान मिल्स यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केला.

आम्ही गांजाची तरफदारी करीत आहों, असा कोणी ग्रह करून घेऊं नये. व्यसनानें उध्वस्त झालेलीं घरें आम्हीही पाहिलीं आहेत, आणि कमिशननेंही अतिरेकाचे दुष्परिणाम नाकारले नव्हते. परंतु कायदा एखादी वस्तु नाहींशी न करतां केवळ उन्हांतून खोलींत ढकलतो, तेव्हां जें काम ऋतु फुकट करीत होता तें यंत्राकडून विकत घ्यावें लागतें, हें इतिहासकारानें नमूद केलें पाहिजे.

आणि आमच्या मनास याहून अधिक बोंचतें तें हें. परक्या देशांत एका झुडपासाठीं अंश मोजून हवा राखली जाते. आमच्याच गांवच्या मागावर उभ्या असलेल्या माणसासाठीं तशी मोजदाद क्वचितच होते. नगरच्या शेतकऱ्याला आपला ऋतु निवडतां येत होता. मागावरच्या मजुराला वैशाखांतही कामावर यावेंच लागतें. त्याच्या डोक्यावरचा पत्रा निवविण्याचा विचार आपण केव्हां करणार?