क्राकाटोआची लाट आणि आमचा घाटमाथा

गगनबावड्याचा इतिहास सांगताना पंत अमात्यांची जहागीर व गगनगड यांचे वर्णन सर्वजण करतात. इ. स. १८८३ च्या २७ ऑगस्टची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः तरुणांपुढे, ठेवावी असे आम्हांस वाटते.

त्या दिवशी सकाळी १० च्या सुमारास जावा व सुमात्रा यांमधील सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखीचा महास्फोट झाला. उसळलेल्या लाटांनी किनाऱ्यावरील गावे धुऊन नेली आणि ३६,००० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्फोटाचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटर दूर रॉड्रिग्ज बेटावर तोफांच्या गडगडाटासारखा ऐकू आला.

त्याचबरोबर हवेच्या दाबाची एक लाट ताशी सुमारे १,१०० किलोमीटर वेगाने दाही दिशांस निघाली. क्राकाटोआपासून मुंबई सुमारे ४,५०० किलोमीटर. बावडा त्याहून थोडा जवळ. हिशेब करता, सुमारे चार तासांनी, म्हणजे आपल्याकडील माध्यान्हीच्या सुमारास, ती आमच्या घाटमाथ्यावरून गेली असली पाहिजे. श्रावण वद्य पक्ष चालू होता. शेतात भांगलणाऱ्या कोणास तिची जाणीवही झाली नसेल. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेतील वायुभारमापकाने मात्र ती टिपली. पृथ्वीस वळसे घालणारी ही लाट सुमारे पाच दिवस जगभरच्या वेधशाळांत पुनःपुन्हा नोंदली गेली. इ. स. २०२२ च्या जानेवारीत टोंगा बेटांजवळील स्फोटानेही असेच घडले.

समुद्रातील लाट मागाहून आली. पाणी जितके खोल तितका तिचा वेग अधिक, तरी वायुलाटेहून तो कमीच. वांद्र्याच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी एकाएकी ओसरले, मासळी कोरड्यावर राहिली आणि लहानथोर कोळी ती वेचू लागले. तोच पाणी वेगाने परतले. असे दोनतीन वेळा झाले. ते लोक सुदैवी ठरले. २६ डिसेंबर २००४ रोजी, सुमात्राजवळच्या भूकंपानंतर, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सहस्रावधी माणसे मृत्युमुखी पडली. आपली कित्येक मुले आज मुंबईत व कोकणपट्टीत आहेत. समुद्र अवचित मागे हटल्यास कुतूहलाने पुढे न जाता त्यांनी तत्काळ उंच जागा गाठावी.

वांद्र्याची हकीकत वर्तमानपत्रात छापली गेली, म्हणून ती आपणांस ठाऊक आहे. डोंगरातील आमच्या पूर्वजांनी पाहिलेले पूर, दरडी व दुष्काळ मात्र बहुधा त्यांच्याबरोबरच गेले. प्रत्येक घरी एक वही असावी आणि तीत पाऊसपाण्याची नोंद तिथीवारासह व्हावी, एवढीच आमची विनंती आहे.