नगरची छावणी आणि रणगाड्यांचे संग्रहालय

वाहनांची संग्रहालये बहुधा गावच्या उद्योगधंद्यातून उभी राहतात. फ्रान्सच्या सीमेवरील म्युलूझ या कापडगिरण्यांच्या शहरात श्लुम्फ या गिरणीमालक बंधूंनी जमवलेल्या मोटारींचे संग्रहालय १९८२ मध्ये खुले झाले, ते याच रीतीने. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयाचे मूळ मात्र लष्करी छावणीत आहे.

या शहराचा युद्धसामग्रीशी संबंध जुना असून, पुढे विजापूरला गेलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ निजामशाहीत १५४९ मध्ये येथेच ओतली गेली. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने येथील भुईकोट किल्ला शिंद्यांकडून जिंकला. पुढे इंग्रजी अमलात भिंगारलगत छावणी वाढली, आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर जड सामग्रीची ने-आण सुलभ झाली. पर्जन्यछायेतील उघडी माळरानेही सरावाला सोयीची असल्याने १९२० च्या दशकात रणगाडा दलाची प्रशिक्षणशाळा येथे आली. रणगाडा म्हणजे चाकांऐवजी पोलादी साखळपट्ट्यांवर चालणारे, तोफ बसवलेले चिलखती वाहन. १९३८ मध्ये सिंध हॉर्स आणि १३ लान्सर्स या रिसाल्यांनी, म्हणजे घोडदळाच्या पलटणींनी, घोडे सोडून यांत्रिक वाहने स्वीकारली, १९४१ मध्ये भारतीय चिलखती दलाची रीतसर स्थापना झाली, आणि स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, विखुरलेल्या प्रशिक्षणसंस्था एकत्र करून ‘आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल’ नगरला उभे राहिले.

याच संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये कॅव्हलरी टँक म्युझियम स्थापन केले. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बनावटीचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत झालेला अमेरिकन बनावटीचा पॅटन, आणि विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळील आवडीच्या कारखान्यात तयार होऊ लागलेला विजयंता यांच्या आधारे आयातीकडून देशी उत्पादनाकडे झालेली वाटचाल येथे अभ्यासता येते.

तथापि रणगाडे चालवण्याइतकीच तोफांच्या सरावालाही विस्तीर्ण जमीन लागते. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतील के. के. रेंज हे गोळीबाराचे क्षेत्र त्यासाठीच राखलेले असून, तेथील भूसंपादनास गावकऱ्यांनी वेळोवेळी विरोध केला आहे. म्हणून नगरच्या रणगाड्यांचा इतिहास लिहिताना पलटणींच्या कामगिरीबरोबरच या गावांच्या शेतजमिनींचाही विचार करावा लागतो.